शोधून दाखवा

"हे नाव गेलंय, बाबा," सून म्हणाली आणि तिनं लॅपटॉप त्याच्याकडे वळवला.

गेलंय म्हणजे काय, ते त्याच्या पटकन ध्यानात आलं नाही. नाव कुठं जाईल? ते दुकानाच्या दारावर होतं. वडिलांनी रंगाऱ्यासमोर उभं राहून लिहून घेतलेलं, निळ्यावर पांढरं : पूर्ववत रफू केंद्र. पांढरा रंग आता पिवळा पडला होता, आणि शेजारच्या औषधाच्या दुकानाची दिव्यांची पाटी पेटली की उरलासुरलाही दिसेनासा व्हायचा. पण नाव होतं तिथंच होतं. सकाळी कुलूप काढताना त्याची नजर एकदा वर जायचीच. सुनेनं समजावून सांगितलं. ती दुकानासाठी बनवत होती त्या वेबसाइटला पत्ता लागतो, आणि एका पत्त्यावर एकच घर बसतं. 'पूर्ववत' हा पत्ता कुठल्याशा लांबच्या शहरात जुनं लाकूडसामान नवं करून देणाऱ्या एका माणसानं कधीच घेऊन टाकला होता. तिनं त्याची पानंही उघडून दाखवली. पॉलिश केलेल्या खुर्च्या, एक कपाट, एक आरामखुर्ची आणि तिच्यावर बसलेलं पांढरं मांजर. मांजर सरळ त्याच्याकडे बघत होतं. आपल्या बापानं विचार करकरून काढलेल्या शब्दावर हे मांजर खुशाल बसलंय, असं त्याला वाटलं, आणि त्या न पाहिलेल्या लाकूडवाल्याबद्दल त्याच्या पोटात दुखू लागलं. पण ते दुखणं फार टिकलं नाही, कारण लगेच दुसरं आलं.

"मागं 'रफू' जोडलं तर मिळतंय अजून," सून म्हणाली. "पण खरं सांगू का? शोधणारा माणूस त्याला ठाऊक असलेलं नावच टाकणार. आपल्या दुकानाचं नाव पूर्ववत आहे हे मला लग्न ठरल्यावर कळलं. आणि मी तर पलीकडच्याच गल्लीतली."

"मग त्याआधी काय म्हणायचीस?"

हे विचारायला नको होतं, हे विचारतानाच त्याला कळलं.

"टाचणीकाकूंचं दुकान," ती सहज म्हणाली.

टाचणीकाकू म्हणजे त्याची बायको. दुकान ही एक लांबट खोली होती आणि तिच्या मधोमध जाड करडा पडदा होता. पडद्यापुढं काउंटर आणि ती. पडद्यामागं खिडकी, भिंग, सुया आणि तो. कपडा आला की भोकाशेजारी खूण म्हणून ती टाचणी लावायची, आणि हाताशी असाव्यात म्हणून तिच्या डाव्या बाहीवर टाचण्यांची एक रांगच असायची. लहान मुलं ती बाही बघून आईच्या मागं लपत. त्यांतल्याच कुणीतरी कधीतरी टाचणीकाकू म्हटलं आणि ते चिकटलं. मग मुलांच्या आया म्हणू लागल्या, मग बाप, मग तिच्याहून वयानं मोठी असलेली माणसंही. आपल्याला ह्याची गंमत वाटते, असं तो इतकी वर्षं धरून चालला होता. आज सुनेच्या तोंडून ते ऐकताना त्याला कळलं, की काटा पहिल्याच दिवशी रुतला होता. फक्त त्याच्यावर कातडी धरली होती.

सुनेचं म्हणणं असं, की गिऱ्हाइकांच्या तोंडी जे आहे तेच घ्यावं, आणि लवकर घ्यावं. चांगली नावं कुणी ना कुणी उचलतं आणि मग हात चोळत बसावं लागतं. शेवटी शब्द तुमचा, असंही ती त्याला म्हणाली. बायको काउंटरमागून हसली. काहीतरीच काय, लोक हसतील, सासऱ्यांनी ठेवलेलं नाव आहे तेच राहू दे, असं ती म्हणाली. हे तिनं किती सहज म्हटलं ते त्यानं टिपून ठेवलं. पोट भरलेला माणूस वाढणाऱ्याला नको म्हणतो, तितकं सहज. उपाशी माणसाला असं नको म्हणता येत नाही. तो पडदा सारून आत गेला आणि एका स्वेटरचं कोपर भिंगाखाली धरून बसला. पण त्या दिवशी सून काउंटरवर बसली होती आणि येईल त्याला विचारत होती, की तुम्ही आमच्या दुकानाला काय म्हणता. पडदा जाड असला तरी कापडच होता. सगळं आत येत होतं. औषधवाल्याशेजारचं दुकान, असं कुणी म्हणालं. टाचण्यांच्या बाईंचं, असं कुणी. एक म्हातारी म्हणाली, नाव कशाला लागतंय, मी घरी सांगते जरा तिच्याकडे जाऊन येते, घरच्यांना कळतं. पूर्ववत ऐकून एकानं विचारलं, तो हाडांचा दवाखाना ना? बाकी सगळे एकच नाव घेत होते, आणि घेताना त्यांचा आवाज थोडा सैल होत होता, घरातल्या माणसाचं नाव घेताना होतो तसा. मग सुनेनं एका बाईला विचारलं, की रफू कोण करतं हे ठाऊक आहे का. म्हणजे काय, काकूच की, असं ती बाई म्हणाली. बायको लगेच म्हणाली, छे हो, मी कुठली, ते आत बसतात ना. त्यावर ती बाई "हो का?" म्हणाली. दुसऱ्या गावात काल पाऊस पडला असं कुणी सांगितलं तर आपण म्हणतो, तसं.

सुई स्वेटरच्या फासात तशीच राहिली. त्याला वडील आठवले. ह्याच खिडकीशी, ह्याच स्टुलावर. वडील शिकवताना बोलायचे कमी. कपड्याच्या आतल्या दुमडीतून त्याचाच धागा काढायचा, उभे धागे आधी, आडवे मग, एक वर, एक खाली. बाहेरचा धागा आणला की कापडाला कळतं, असं म्हणायचे. आणि झालं की खिडकीत धरायचे, तिरकं करायचे, पुन्हा धरायचे, आणि काही न बोलता बाजूला ठेवायचे. ते न बोलणं म्हणजे शाबासकी. दिसलं ते रफू नव्हे, ते ठिगळ, एवढंच काय ते वाक्य. तेव्हा तो पोरसवदा होता आणि त्या वाक्याचा त्याला अभिमान वाटला होता. आपण असं काही करतो की केलेलं उरतच नाही. पुढं लग्न झालं, वडील गेले, ती काउंटरवर बसू लागली. सुरुवातीला एकदा दुपारच्या सामसुमीत ती पडदा सारून आत आली होती, स्टुलाशेजारी खाली बसली होती, आणि मलाही शिकवा म्हणाली होती. दोघं आत बसलो तर बाहेर कोण बघणार, असं तो म्हणाला होता. खरंच होतं ते. तीही हसून हो म्हणाली आणि बाहेर गेली. आणि बाहेरची झाली. मागून आली आणि तिखट झाली, असं त्याच्या मनात आलं, आणि आपल्याच बायकोबद्दल ही म्हण सुचल्याची त्याला लाज वाटली. पण म्हण काही मागं गेली नाही.

सगळ्यांत जास्त त्याला तो खेळ खुपायचा. कपडा द्यायच्या वेळी ती गिऱ्हाइकापुढं तो पसरायची आणि म्हणायची, शोधून दाखवा. भोक कुठं होतं, दाखवा. माणसं वाकायची, चष्मे काढायची, घालायची, उजेडात न्यायची. मुलं नाक लावून बघायची. सापडायचं कुणालाच नाही. मग हशा. मग कौतुक. तो हशा पडद्यातून आत यायचा तेव्हा त्याच्या हातात पुढचं भोक असायचं. कोपऱ्यावरचे दातांचे डॉक्टर तर ह्या खेळासाठीच येत असावेत. उंच माणूस, एकटा, गडद राखाडी रंगाचा एकच चांगला कोट, आणि त्या कोटाला दर थंडीत कुठं ना कुठं काहीतरी व्हायचंच : कधी कसर लागून, कधी खिळ्यात अडकून. दिवसभर दुसऱ्यांच्या तोंडात हात घालणारा हा माणूस इथं येऊन मात्र तोंडभर बोलायचा. एकदा, फार वर्षांपूर्वी, खूप शोधून हरल्यावर ते तिला म्हणाले होते, तुमच्या हातात जादू आहे. तो आत कान देऊन थांबला होता. आता ती म्हणेल, माझ्या नाही. ती काहीच म्हणाली नाही. बाहेर थोडा वेळ काहीच ऐकू आलं नाही, आणि मग काउंटरचा खण उघडल्याचा आवाज आला. ते थोडा वेळ काहीच ऐकू न येणं त्यानं आजवर जपून ठेवलं होतं. तिनं त्यानंतर कितीतरी वेळा कितीतरी लोकांना "ते आत बसतात" म्हणून सांगितलं होतं. ते त्याच्या हिशेबात धरलेलं नव्हतं.

त्याच आठवड्यात डॉक्टरांचा कोट पुन्हा आला. ह्या वेळी पाठीवर, खांद्याच्या जरा खाली, नखाएवढं जळलेलं. त्याच्या शेजारी टाचणी. त्यानं कोट खिडकीशी घेतला, दुमड उसवली, आतल्या धाग्याचं टोक सुईनं वर केलं आणि तिथंच थांबला. डबीत राखाडी धाग्यांची गुंडाळी होती. तीत एक धागा ह्या कोटाच्या रंगाचाच होता. म्हणजे आत त्याच रंगाचा, आणि दारातल्या उन्हात किंचित निळा. हे फक्त त्यालाच माहीत होतं. आपण काय करतोय हे त्याला कळत नव्हतं असं नाही. कळत होतं, आणि तरी हात वडिलांनी लावलेल्या वळणानंच चालले होते. एक वर, एक खाली, टाका अगदी सरळ, फक्त धागा परका. वाईट काम चांगलं करणं अवघड असतं. त्याला दिसत होतं पुढचं : डॉक्टर कोट दारात नेतील, बोट ठेवतील, म्हणतील, हे काय? हे कुणी केलं? आणि त्या एका प्रश्नानं पडदा बाजूला होईल. चांगलं केलं तेव्हा ज्याला कुणी विचारलं नाही, त्याला निदान वाईट केल्यावर तरी विचारतील. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच, हेही त्याला दिसत होतं. त्यानं धागा तोडला, टाचणी काढली.

संध्याकाळी ती नेहमीप्रमाणे तयार कपडे न्यायला आली. बाहेर नेण्याआधी प्रत्येक कपडा ती डोळे मिटून बोटांनी चाचपायची. ही तिची जुनी सवय होती. बोटाला लागलं नाही की घडी घालायची. कोटाच्या पाठीवरून तिची बोटं फिरली. एका जागी ती थांबली असं त्याला वाटलं. धागा परका असला की पोतही जरासा परका लागतो. पण तिचा चेहरा जसाच्या तसा होता, आणि तिनं कोट हातावर घेतला आणि गेली. त्याला चुकल्यासारखं वाटलं. म्हणजे हिला कळतच नाही तर. इतकी वर्षं ही चाचपते ते नुसतं चाचपतेच. ह्या विचारानं त्याला जो आनंद झाला, तो त्याच्या चांगला लक्षात राहिला.

डॉक्टर आले ते दुसऱ्या दिवशी दुपारी, ऊन दारातून काउंटरपर्यंत आलेलं असताना. सूनही बाहेर होती; तिचा लॅपटॉप काउंटरच्या टोकाला उघडा होता आणि त्याच्यावरची नावाची जागा अजून रिकामी. तो पडद्याच्या फटीपाशी उभा राहिला. बायकोनं कोट पसरला आणि म्हणाली, शोधून दाखवा. तिचा आवाज नेहमीसारखाच होता, कदाचित नेहमीपेक्षा थोडा हळू. डॉक्टरांनी थट्टेनं बाह्या सारल्या, कोट उचलला आणि दारातल्या उन्हात नेला. तिथं तो तिरका करून बघितला. ते वळले तेव्हा त्यांचा चेहरा पडला होता, पैज जिंकायची नसताना जिंकलेल्या माणसाचा पडतो तसा.

"सापडलं," ते म्हणाले. "हे बघा. इथं."

रस्त्यावरून कुणीतरी हातगाडी ढकलत नेत होतं, तिचं चाक कुरकुरत होतं. तो वाट बघत होता. आता विचारा. कुणी केलं, विचारा.

"ते माझ्या हातचं आहे," बायको म्हणाली. "त्यांना बरं नव्हतं. म्हटलं, आपण करून बघू. नाही जमलं."

त्याला आधी कानावर विश्वास ठेवावासा वाटला नाही. मग पायापासून वर एक जाळ चढत गेला. नाव हिचं, हशा हिचा, जादू हिची, आणि आता हेही. आयुष्यात एकदाच त्यानं दिसेल असं काही केलं होतं आणि हिनं तेवढंही उचलून आपल्या बाहीला लावलं. चूकसुद्धा ह्या बाईनं त्याच्यासाठी ठेवली नाही. तो बाहेर आला ते पडदा सारून नव्हे, ओढून. वरच्या दोन कड्या सुटल्या.

"खोटं आहे," तो म्हणाला. "मी केलंय ते."

"अहो, तुम्ही आत जा बघू."

"माझं आहे म्हणतोय ना."

डॉक्टर कोट हातात धरून आळीपाळीनं दोघांकडे बघत होते. चांगल्या कामावर कुणी हक्क सांगावा हे ठीक. इथं दोघं म्हातारी माणसं एका वाईट कामासाठी भांडत होती. मग त्यांची नजर त्याच्यावर थांबली. त्याच्या बोटांवर, सुईनं घट्टे पडलेल्या अंगठ्यावर.

"म्हणजे इतकी वर्षं रफू तुम्ही करता?" ते म्हणाले.

हेच तर त्याला ऐकायचं होतं. ह्याच वाक्यासाठी त्यानं तो धागा ओवला होता. आणि आता ते आलं होतं, आणि डॉक्टरांचं बोट अजून त्या निळसर चौकोनावर होतं. "हो," तो म्हणाला. "ठेवून जा. नीट करून देतो." डॉक्टरांनी कोट काउंटरवर ठेवला, फार हळू, आणि सावकाश द्या, घाई नाही, असं म्हणत उन्हात गेले.

तो आत येऊन स्टुलावर बसला आणि कोट मांडीवर घेऊन टाके उसवू लागला. थोड्या वेळानं ती आत आली. पडदा एका बाजूला लोंबत होता, त्यामुळे सारायची गरज नव्हती. ती स्टुलाशेजारी खाली बसली, तेव्हा बसली होती त्याच जागी. गुडघे धरून बसायला तिला आता वेळ लागला.

"मुद्दाम केलंत ना?"

तो उसवत राहिला.

"काल बोट अडलं माझं," ती म्हणाली.

"मग दिलास कशाला पुढं?"

ती बाहीवरच्या टाचण्या एकेक काढून पुन्हा लावत होती. "इतक्या वर्षांत तुमचं एकही काम माझ्या बोटाला सापडलं नाही. रोज शोधते. हे सापडलं. म्हटलं, हे एवढं एक माझ्या हातचं म्हणून सांगता येईल. चांगलं असतं तर माझं म्हणवलं नसतं."

तो थांबला. ती खिडकीकडे बघत बोलत होती. लोक जादू वगैरे म्हणायचे, तेव्हा काय बोलावं ते तिला सुचायचं नाही. नाही म्हणवत नसे आणि हो म्हणायची सोय नव्हती. मला तुमचा हेवा वाटायचा, असं ती अगदी साध्या आवाजात म्हणाली, कोपऱ्यावरून भाजी आणायची आहे असं सांगावं तशा. इथं उजेड येतो. कुणी बोलायला लावत नाही. आणि संध्याकाळ झाली की तुमच्या हातात काहीतरी झालेलं असतं. माझ्या हातात बोलबोलून कोरडं पडलेलं तोंड आणि टाचण्या. एकदा मागितलं होतं. बाहेर कोण बघणार म्हणालात.

हेवा हा आपल्या एकट्याच्या मालकीचा आहे असं तो समजत होता. पडद्याच्या ह्या बाजूला, खिडकीशी, त्यानं तो धाग्याच्या डबीसारखा जपला होता. आणि तो पडद्याच्या पलीकडंही होता, तितकाच जुना, कदाचित त्याच्याहून जुना, आणि त्या हेव्याची बाही टाचण्यांनी भरलेली होती. त्याला खरं म्हणजे हलकं वाटायला हवं होतं. वाटलंही. पण त्या हलकेपणाच्या तळाशी अजून एक बारीकसा राग होता, की ह्यातही ही आपल्या बरोबरीनं निघाली. तो राग त्याला ओळखीचा वाटला, घरचा.

"बाबा," बाहेरून सून म्हणाली. तिनं सगळं ऐकलं असणार, कापडच ते. "नाव सांगताय ना? का उद्या बघू?"

त्यानं बायकोकडे बघितलं. ती मान हलवून नको म्हणत होती, आणि ह्या वेळी ते नको सहज नव्हतं.

"टाचणीकाकू घे," तो म्हणाला.

"नक्की?"

"घे म्हणतोय ना. आणि पूर्ववत आत कुठंतरी लिही. कोण आत बसतं तेही लिही." कळा खटखट वाजल्या. थांबल्या. मिळालं, असं सून म्हणाली. आता कुठल्याशा शहरात कुणी बाई हेच नाव मागायला येईल आणि रिकाम्या हातानं परत जाईल, असं त्याच्या मनात येऊन गेलं. शब्द तोंडातून गेला होता आणि काटा होता तिथंच होता. फक्त आता त्याला हवा लागत होती.

मग तो स्टुलावरून उठला. डबीतून एक जुनं चिंधूक काढलं, त्याला बोटानं भोक पाडलं, आणि बायकोला हात देऊन स्टुलावर बसवलं. भिंग तिच्यापुढं ओढलं. बाहेर इतकं बोलणारी बाई इथं शाळेतल्या पोरीसारखी गप्प झाली होती. कापडाच्या कडेचा धागा कसा वर घ्यायचा ते त्यानं दाखवलं. ती ओढू लागली तेव्हा धागा तुटला. "ओढायचा नाही," तो म्हणाला. "बोलवायचा. येतो तो." पुन्हा दाखवलं. पुन्हा तुटला. पुन्हा दाखवलं. तिसऱ्यांदा धागा आला, आणि तिनं श्वास रोखून तो ओवला, आणि उभ्या धाग्यांमधून एक वर एक खाली असा नेला. टाका वाकडा पडला. चांगलाच वाकडा. लांबून दिसला असता.

त्याला बरं वाटलं. आधी बरं वाटलं, आणि लाज त्याच्या पाठोपाठ आली, पण जरा उशिरानं.

"बघा," तिनं चिंधूक वर धरून विचारलं. "दिसतंय का?"

"दिसतंय," तो म्हणाला, आणि ते म्हणताना त्याच्या आवाजात जे होतं ते त्याला लपवता आलं नाही. तिनं ते ऐकलं. त्याच्याकडे नीट बघितलं, आणि मग ती हसू लागली, काउंटरवर हसायची तशी, पण इथं, पडद्याच्या आत. हसता हसताच तिनं आपल्या बाहीवरची एक टाचणी काढली, त्याच्या बाहीला लावली आणि टाका उसवायला घेतला.